क्रँकोचं श्टुटगार्ट

श्टुटगार्टला जाणारा मराठी माणूस बहुधा गाड्यांच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी जातो, नाहीतर तिथे नोकरी करणाऱ्या मुला-सुनेकडे राहायला. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, हेही आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मी गेले ती बॅलेचा नृत्यरचनाकार जॉन क्रँको याच्यासाठी. लहानपणापासून कथक शिकले. पण बॅले म्हटलं की पायाच्या बोटांवर उभी राहिलेली, पांढऱ्या झग्यातली मुलगी एवढंच डोळ्यांपुढे यायचं. क्रँकोचं ‘ओनेगिन’ हे बॅले पडद्यावर पाहिलं आणि ठरवलं, हे ज्या रंगमंचावर जन्मलं तिथेच जाऊन बघायचं.

मुख्य स्टेशनातून बाहेर पडलं की बागेतून चालत थोड्याच वेळात ऑपेरा येतो. समोर तळं, मागे उंच खांबांची रांग. १९१२ साली बांधलेली ही वास्तू दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांतून वाचली. १९६१ साली इथल्या बॅलेची सूत्रं क्रँकोच्या हाती आली.

त्याचा जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या रस्टनबर्गचा, १५ ऑगस्ट १९२७ चा. केपटाउनला शिकला आणि १९४६ मध्ये लंडनला आला. विशीतच नाव झालं. १९५१ च्या ‘पायनॅपल पोल’ या बॅलेने प्रेक्षकांना खळखळून हसवलं. १९५७ मध्ये बेंजामिन ब्रिटनच्या संगीतावर ‘द प्रिन्स ऑफ द पॅगोडाज’ बसवलं. मग १९५९ मध्ये समलैंगिक संबंधांवरून त्याच्यावर खटला झाला. तेव्हा इंग्लंडात तो गुन्हा होता. दंड किरकोळ होता, पण वर्तमानपत्रांनी बातमी छापून त्याची अब्रू चव्हाट्यावर आणली. पुढच्याच वर्षी पॅगोडाज बसवायला श्टुटगार्टहून बोलावणं आलं, आणि तिथल्या नाट्यगृहाचे प्रमुख वाल्टर एरिश शेफर यांनी त्याला ठेवूनच घेतलं. शेफर यांचं मला फार कौतुक वाटतं. लंडन-पॅरिसपुढे बॅलेत श्टुटगार्टला तेव्हा कोण विचारत होतं!

क्रँकोने नवीन काय केलं, ते त्या संध्याकाळी तिथे ‘ओनेगिन’ पाहताना नीट उमगलं. जुन्या बॅलेत गोष्ट सांगायची वेळ आली की नाच थांबतो आणि ठरलेल्या खुणा सुरू होतात. अनामिकेकडे बोट दाखवलं की लग्न, हृदयावर हात ठेवला की प्रेम. पुन्हा नाच, पुन्हा खुणा. क्रँकोने ही फारकतच मिटवली. त्याच्याकडे उचलणं, फेकणं, घसरणं हाच संवाद असतो.

पहिल्या अंकातला आरशाचा प्रसंग घ्या. नायिका तात्याना रात्री नायक ओनेगिनला प्रेमपत्र लिहायला बसते आणि लिहिता लिहिता तिचा डोळा लागतो. स्वप्नात ती आरशापाशी जाते. आरशात तिच्या मागे ओनेगिन दिसतो आणि पुढच्या क्षणी चौकटीतून बाहेर येतो. दिवसा तिच्याकडे धड न बघणारा हा माणूस आता तिला डोक्यावर उचलतो, गरगर फिरवतो, ती पाठीची कमान करून त्याच्या हातांवर स्वतःला झोकून देते. कुठेही जोर लावल्यासारखा दिसत नाही, कारण स्वप्नात शरीराला वजन नसतं. शेवटच्या अंकात हीच दोन माणसं पुन्हा समोरासमोर येतात. आता ती दुसऱ्याची पत्नी आहे आणि तो पश्चात्तापाने पोळलेला. तो गुडघ्यांवर आहे, मागून तिचे हात धरून आहे. ती पुढे जायला बघते आणि त्याचा सगळा भार तिच्यामागे ओढला जातो. इथे प्रत्येक किलो जाणवतो. स्वप्नात हलकं झालेलं शरीर जागेपणी किती जड होतं, ते असं थेट पायांतून सांगितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भाव चेहऱ्यावर आणि हस्तकांत शोधायची माझी सवय. इथे तो पाठीत होता, मानेत होता, तोल जाण्यात होता.

संगीत चायकोव्हस्कीचं, पण त्याच्या याच नावाच्या ऑपेरातलं नाही. कुर्ट-हाइन्त्स श्टोल्त्से यांनी त्याच्या पियानोच्या आणि इतर रचना वेचून, वाद्यवृंदासाठी बांधून हा बॅले सजवला. पहिला प्रयोग १३ एप्रिल १९६५ चा. तेव्हा शेवटी तात्याना मुलांचे पापे घेते असा प्रसंग होता. निरोपाची धार बोथट होते म्हणून क्रँकोने तो नंतर काढून टाकला. बरं केलं. आता ती ओनेगिनने तिला लिहिलेलं पत्र फाडते, त्याला दाराकडे बोट दाखवते, आणि एकटी उरते.

पहिली तात्याना मार्सिया हायदे, मूळची ब्राझीलची. क्रँकोला तिच्यात जे दिसलं, ते सुरुवातीला खुद्द शेफरनाही दिसलं नव्हतं, पण तो हटून बसला. ती, रिचर्ड क्रेगन, बिर्गिट काइल आणि एगोन मॅडसेन या चौघांसाठी त्याने १९७२ मध्ये ब्राम्सच्या संगीतावर एक बॅले केला आणि नाव ठेवलं त्यांचीच आद्याक्षरं : ‘आर.बी.एम.ई.’. दोस्तीवरचं इतकं निखळ नाव मला दुसरं आठवत नाही. याच मंडळींनी १९६९ मध्ये न्यूयॉर्क जिंकलं आणि तिथले समीक्षक ‘श्टुटगार्टचा चमत्कार’ म्हणू लागले.

त्याच्या रचनांइतकंच मोलाचं मला आणखी एक वाटतं. नोव्हेर या अठराव्या शतकातल्या नृत्यगुरूच्या नावाची एक संस्था इथे होती (ते स्वतः १७६० च्या दशकात श्टुटगार्टलाच होते). तिच्या कार्यक्रमांत नव्या पोरांना आपली रचना रंगमंचावर करून बघायची संधी मिळे. जॉन नॉयमायर, यिरी किलियान आणि विल्यम फोर्साइथ तिथूनच पुढे आले. पुढच्या पन्नास वर्षांच्या युरोपियन बॅलेतली ही तीन मोठी नावं, आणि तिघांच्या नाचण्यात एकमेकांची छायासुद्धा नाही! आपल्याकडच्या गुरूंनी हे बघावं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी ऑपेरापासून चढण चढून जॉन क्रँको शाळा बाहेरून पाहिली. २०२० मध्ये बांधून झालेली ही काँक्रीटची इमारत टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. दुपारी बसने सॉलिट्यूडला गेले. अठराव्या शतकातला हा छोटा राजवाडा शहराबाहेर, उंचावर आहे. क्रँको त्याच्याच आवारात राहायचा, आणि जवळच्या लहानशा दफनभूमीत त्याची कबर आहे. २६ जून १९७३ ला अमेरिकेचा दौरा आटोपून परतताना विमानात झोपेची गोळी घेतली, श्वास गुदमरला, विमान डब्लिनला उतरवलं, पण उपयोग झाला नाही. वय अवघं ४५. मला तिथे रडू आलं, ते लपवावंसं वाटत नाही.

तिथे कुणी नातेवाईक असतील आणि जायचा बेत असेल, तर आधी ऑपेराचं वेळापत्रक बघा आणि मगच विमानाचं तिकीट काढा. ‘ओनेगिन’ प्रत्येक हंगामात असेलच असं नाही. त्याऐवजी ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ किंवा ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ लागलं असेल तरी खुशाल जा, दोन्ही क्रँकोचीच आहेत. नाचातलं काही कळत नाही म्हणणाऱ्या नवऱ्याला किंवा भावाला ‘श्रू’ला आवर्जून न्या, हसून हसून पुरेवाट होईल.