कार्डावर मी लिहिलं होतं: ‘ग्रीस केलं, सॅटिस’

मी विमानांच्या देखभालीचं काम करते. त्या रात्री टेक लॉगमधली, म्हणजे विमानातल्या तक्रारींच्या वहीतली, वैमानिकाची नोंद एका ओळीची होती. विमान टेकल्याबरोबर डाव्या बाजूने जोरदार थरथर, तीन-चार सेकंद, मग आपोआप बंद. रात्रीचे पावणेबारा झाले होते. जुलैचा पाऊस हँगरच्या पत्र्यावर असा कोसळत होता की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागत होतं. मी सवयीने मागची कार्डं, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदी, उलटली आणि नऊ दिवसांपूर्वीच्या एका नोंदीवर थांबले. ‘डाव्या मुख्य गिअरच्या टॉर्शन लिंकला किंचित प्ले. ग्रीस केलं. तपासलं, सॅटिस.’ मुख्य गिअर म्हणजे पंखाखालच्या चाकांचा पाय, प्ले म्हणजे सांध्यातला सैलपणा आणि सॅटिस म्हणजे समाधानकारक. काम करणाऱ्याच्या रकान्यातली सही माझी होती.

टॉर्शन लिंक म्हणजे काय ते सांगते, कारण त्या रात्रीचं सगळं तिच्याभोवतीच घडलं. चाकं ज्या दांड्याला असतात तो दांडा शॉक स्ट्रटच्या, म्हणजे टेकतानाचा धक्का झेलणाऱ्या खांबाच्या, नळीत वरखाली सरकतो. तो स्वतःभोवती फिरू नये म्हणून कात्रीसारखे दोन हात वरून आणि खालून येऊन मध्ये जोडलेले असतात. तो मधला सांधा म्हणजे अपेक्स. आमच्या या विमानात शिमी डॅम्परही तिथेच बसतो. चाकं डावी-उजवी थरथरू लागली की ती थरथर गिळून टाकणं हे त्याचं काम. पण अपेक्सचा सांधाच सैल असेल, तर थरथर डॅम्परपर्यंत पोचायच्या आधी त्या फटीतच खेळत राहते.

आमच्या सरांनी, म्हणजे शिफ्टच्या लायसन्सधारक इंजिनीअरनी, वैमानिकाला फोन लावला. हार्ड लँडिंग झालं का, हा माझा प्रश्न त्यांनी त्यांच्या तोंडून विचारला. पलीकडून उत्तर आलं की उलट, इतकं अलगद टेकलं की टेकल्याचं कळलंही नाही. फोन ठेवताना सरांचा चेहरा गंभीर झाला. अलगद टेकलं की शॉक स्ट्रट दबत नाही, लांबच राहतो. मग कात्रीचे दोन्ही हात जवळजवळ सरळ रेषेत येतात आणि डॅम्परला पकड घ्यायला जोरच मिळत नाही. सांधा झिजलेला असेल तर नेमक्या अशाच लँडिंगला चाकं थरथरतात. हे मी वर्गात शिकले होते, पण डोळ्यांपुढे असं पहिल्यांदाच आलं.

विमान जॅकवर घेतलं. सरांनी अपेक्स हाताने हलवून दाखवला. टक, टक. तो आवाज पावसातही ऐकू आला.

सांध्याच्या कडेला ग्रीस दिसत होतं, पण लालसर तपकिरी. मी लगेच म्हटलं, “सर, कुणीतरी चुकीचं ग्रीस भरलंय.” कारण तसं होऊ शकतं. या जागी आम्ही वापरतो ते एअरोशेल 33 हिरवं असतं, लिथियमच्या साबणावर घट्ट केलेलं. चाकांच्या बेअरिंगमध्ये जातं ते मोबिलग्रीस 28 लाल, आणि ते घट्ट केलेलं असतं मातीवर, साबणावर नाही. दोन्ही चांगली. पण साबणाचं आणि मातीचं एकत्र आलं की पातळ होऊन सांध्यातून गळून जाण्याचा धोका असतो. म्हणून आमच्याकडे दोन्हींच्या ग्रीसगन वेगळ्या, त्यांच्यावर वेगळ्या रंगाच्या पट्ट्या. लाल दिसलं, म्हणजे कुणाची तरी गन बदलली, असं मी मनात पक्कं करून टाकलं. कार्डावर लिहायला पेनही काढलं.

सर म्हणाले, “अगं थांब. आधी पुसून तर बघ.”

धागे न सुटणारं पांढरं कापड घेतलं, कडेचं ग्रीस त्यावर घेतलं आणि सॉल्व्हंटचे थेंब टाकून बोटाने पसरवलं. लाल ग्रीस असतं तर सॉल्व्हंटबरोबर रंगही पसरून फिका व्हायला हवा होता. इथे चिकटपणा निघून गेला आणि कापडावर तपकिरी कण तसेच राहिले. चिमटीत घेतले तर बारीक रेतीसारखे करकरले. टॉर्च तिरका धरल्यावर त्यात सोनेरी चकाकीही दिसली. तपकिरी होता तो पोलादाचा गंज. दोन पृष्ठभाग एकमेकांवर बारीक घासत राहिले की सुटतो तसा, ज्याला फ्रेटिंग म्हणतात. सोनेरी कण होते कांस्याच्या बुशचे, म्हणजे पिनभोवती बसणाऱ्या कड्याचे. रंग ग्रीसचा नव्हताच, सांधाच झिजून बाहेर येत होता.

मग नऊ दिवसांपूर्वी मी ग्रीस केलं ते गेलं कुठे? सरांनी गन लावायला सांगितली. सांध्याला ग्रीस भरायची दोन तोंडं असतात, त्यांना निपल म्हणतात. पहिल्या निपलला दाब दिल्याबरोबर कडेने ताजं हिरवं ग्रीस आलं. दुसऱ्या निपलला गन घट्ट झाली, दांडा हातात अडला आणि बाहेर काहीच नाही. निपल काढून पाहिलं तर मागची वाट सुकलेल्या ग्रीसने मेणासारखी बंद. त्या दिवशी एका बाजूने हिरवं बाहेर आलेलं मी पाहिलं होतं आणि ‘ग्रीस केलं’ लिहिलं होतं. दुसऱ्या बाजूने आलं का, हे मी पाहिलं नव्हतं.

आजोबांची बैलगाडी होती. चाक करकरायला लागलं की ते एरंडेलात भिजवलेली चिंधी आसाला लावायचे. गाडी स्वतःच मागून घ्यायची वंगण. विमानाचा सांधा करकरत नाही, त्याच्या वतीने कार्डावर आम्हीच बोलायचं असतं.

अपेक्समधून आरपार जाणारी पिन काढायला पहाटेचे साडेतीन झाले. एका बाजूचा क्रोमचा थर उडालेला, खाली पोलादावर खड्डे. सरांनी दहापटीचं भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “आता लिही. पण कारण लिहू नकोस, दिसतंय ते लिही.”

ते वाटतं तितकं सोपं नाही. ‘खराब’, ‘झिजलेलं’, ‘थोडं डॅमेज’ हे शब्द पेनातून आपोआप उतरतात. दुरुस्तीचं मॅन्युअल मात्र प्रत्येक शब्दाला वेगळ्या वाटेने नेतं. पत्रा आत गेला, पण जाडी तितकीच राहिली, तर तो डेंट. रेषेत धातू निघून गेला तर स्क्रॅच. कडेला धारदार टवका उडाला तर निक. नख फिरवलं की फरक कळतो, नख अडकलं म्हणजे धातू गेलेला आहे. डेंटला स्क्रॅच म्हटलं की पुढचा माणूस भलतंच पान उघडतो आणि भलतीच मर्यादा लावतो. आणि जागा? ‘डाव्या बाजूला’ म्हणजे कुणाच्या डाव्या? म्हणून घड्याळाचे आकडे, आणि कुठून बघतोय तेही.

माझं पहिलं वाक्य सरांनी खोडलं, दुसरंही. तिसऱ्यांदा मी लिहिलं: अपेक्स पिन, बाहेरच्या बाजूने आत बघताना 4 ते 7 वाजण्याच्या दरम्यान, क्रोमचा थर उडालेला, त्याची लांबी-रुंदी, खाली खड्डे, सर्वांत खोल खड्ड्याचं माप. बुशच्या फ्लँजवर, म्हणजे बाहेर आलेल्या कडेवर, झीज, तिचंही माप. डायल गेजवर सांध्याचा प्ले, मॅन्युअलच्या मर्यादेच्या बाहेर. दुसऱ्या निपलमधून ग्रीस जात नाही, वाट बंद.

लायसन्सच्या अभ्यासात मॉड्यूल 9 म्हणजे मानवी घटक. त्यात 31 जानेवारी 2000 ला पॅसिफिकमध्ये कोसळलेल्या अलास्का एअरलाइन्सच्या फ्लाइट 261 बद्दल मी वाचलं होतं. एमडी-83 विमान, 88 माणसं, कुणीही वाचलं नाही. शेपटीचा स्टॅबिलायझर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली ठेवणारा आडवा पंख, हलवणाऱ्या लांब स्क्रूच्या (जॅकस्क्रूच्या) नटचे आटे वंगणाअभावी झिजून गेले होते. अवशेषांत स्क्रूच्या कामाच्या भागावर उपयोगाचं ग्रीस सापडलंच नाही. 1997 मध्ये त्याच नटचा प्ले मोजला तेव्हा 0.040 इंच आला होता, अगदी मर्यादेवर, आणि नट बदलण्याची नोंद झाली होती. पुन्हा मोजल्यावर 0.033 आला आणि विमान तोच नट घेऊन परत सेवेत गेलं. परीक्षेसाठी हे आकडे मी पाठ केले होते. त्या पहाटे हातात ती पिन धरून उभी असताना ते पाठांतर माझ्या अंगावर आलं. वंगणाच्या त्या कार्डांवरही सह्या असतीलच ना?

सकाळची पहिली फेरी दुसऱ्या विमानाने गेली. आमच्या विमानाला नवी पिन, नव्या बुश, नवं निपल बसलं, डॅम्परही बदलला. दुपारी शेवटची ग्रीसगन मीच मारली. पहिल्या निपलला हिरवं बाहेर येईपर्यंत, मग दुसऱ्याला. पलीकडच्या कडेला आधी हवेचा बुडबुडा आला, मग असेंब्लीच्या वेळी लावलेलं ग्रीस आणि मग अखंड, स्वच्छ हिरवी कड. ती मी पांढऱ्या कापडाने पुसली आणि कापड उजेडात धरून पाहिलं. कण नव्हते. कार्डावर लिहिलं: ‘दोन्ही निपलमधून ग्रीस दिलं, दोन्ही कडांना ताजं ग्रीस बाहेर आलेलं पाहिलं.’ सरांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.