तुळशीचं लग्न आणि फायनल एकाच संध्याकाळी

शनिवारी १ नोव्हेंबर, आम्हा बेळगावच्या मराठी माणसांचा काळा दिवस. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, ते दुखणं अजून कोर्टात आहे. लेकीला सगळं सांगितलं, तिनं मन लावून ऐकलं. रविवारी मात्र धमाल! अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, तेवढ्यात महिला क्रिकेट विश्वचषकाच्या फायनलमध्ये शेफालीचा चौकार. लेकीनं हातातल्या सगळ्या अक्षता उधळल्या. आजी ओरडली, "अगं, सावधान व्हायचंय अजून!" शेफालीच्या ८७ धावा, दीप्तीचे ५ बळी, ५२ धावांनी विश्वचषक आपला! काय खेळल्यात पोरी! सांगलीची स्मृती म्हणजे आपल्या शेजारचीच, असं लेक येईल त्याला सांगतेय. कन्नडचा होमवर्क राहिलाय, तो आता लग्नाचे चिरमुरे खात चाललाय.