अठरा पुतळ्या

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ पेठेत, आमची तिसरी पिढी. एका बँकेच्या सोनेतारणाचा मूल्यांकक म्हणून मी बारा वर्षं काम करतोय. दागिना कसोटीवर ओढायचा, तेजाब लावायचं, बोरमाळेच्या मण्यांतली लाख आणि साजाच्या पानांतले खडे वजा करायचे, पावतीवर निव्वळ वजन लिहून सही करायची. भाव सोन्याच्या कसाप्रमाणे. कारागिरीला, जुनेपणाला पावतीवर रकानाच नाही. गर्दीच्या दिवशी एका गिऱ्हाइकाला दहा मिनिटंही मिळत नाहीत.

गेल्या महिन्यात थकीत पाकिटांचा लिलाव होता. सील फोडून माल पुन्हा काट्यावर घालायचा, पावतीशी ताडायचा, एवढंच माझं काम. एका पाकिटातून पुतळ्यांची, म्हणजे नाण्यांसारख्या सोन्याच्या चकत्यांची, माळ निघाली. पावतीवर माझंच अक्षर : ‘पुतळी माळ, 18 नग’.

त्या दिवशी खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. एक पुतळी उलटली तशी किनारीची अक्षरं चमकली. आपल्याकडच्या सोनारांनी घडवलेल्या पुतळीवर अक्षरं नसतातच म्हणा, नुसत्या उभ्या-आडव्या काड्या असतात, कारण ठसा कोरणाऱ्याला मूळ लिपी येत नव्हती. इथं मात्र भिंगाखाली स्वच्छ रोमन लिपी दिसली : लुदो मानिन.

लुदोविको मानिन म्हणजे व्हेनिसचा शेवटचा डोज, तिथला राज्यप्रमुख, 1789 ते 1797. त्यानंतर ते प्रजासत्ताकच संपलं. व्हेनिसच्या डुकाटवर, म्हणजे या सोन्याच्या नाण्यावर, साल नसतं, डोजच्या नावावरूनच काळ कळतो. एका बाजूला संत मार्क उभा आणि त्याच्यापुढं गुडघ्यावर बसलेला डोज, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. ही नाणी व्यापारातून आपल्याकडं आली. त्यांवरची माणसं बघून बायकांनी त्यांना पुतळी म्हटलं, गळ्यात घातलं आणि मग सोनारांनी नकला केल्या. हे मला वडिलांनी शिकवलेलं. इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती दाखवायला टाउन हॉल संग्रहालयात तेच घेऊन गेले होते.

अठरांपैकी पाच अस्सल निघाल्या. साडेतीन ग्रॅमच्या आसपास एकेक, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. कडी डाकलेली असल्यामुळं संग्राहक किंमत पाडतो हे खरं, तरी सोन्याच्या भावापेक्षा नक्की जास्त देतो.

मी मॅनेजरना म्हटलं, “हे पाकीट आज थांबवा, नाण्यांच्या जाणकाराला दाखवू.” ते म्हणाले, “पेपरात नोटीस गेलीय. आता एक पाकीट मागं घेतलं तर ऑडिटला मी काय सांगू?” माणूस वाईट नाही, पण रकान्याबाहेरचं काही दिसलं की त्याला घामच फुटतो. शेजारच्या तरुण अधिकाऱ्यानं माळ मशीनमध्ये ठेवून सोन्याची टक्केवारी वाचून दाखवली. मशीनला डोज कुठून दिसणार?

बोली लावायला तिघंच होते, तिघंही सोनं आटवणारे. मला स्वतःला बोली लावता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. 2025 मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सत्तेचाळीस लाखांवर मोजून राज्य सरकारनं आणली, तेव्हा गुजरीत आम्ही पेढे वाटले होते. तलवार निदान कुणीतरी जपून तरी ठेवली होती. इथं दुपारी मूस तापणार होती.

मी बाहेर येऊन कर्जदार बाईंना फोन लावला. पन्हाळ्याच्या बाजूचं गाव. बोली सुरू होण्याआधी पैसे भरले तर माल सुटतो, जास्त किंमत आली तर कर्ज वळतं करून उरलेली रक्कम तुमचीच असते, सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

“सासूबाईंची माळ ती. त्यांच्या सासूनं घातलेली. आता एवढं पैसं कुठनं आणू, दादा?”

थोडं थांबून त्यांनी विचारलं, “पर गहाण ठेवताना तुमीच बघितलासा न्हवं? तवाच का न्हाई सांगितलासा?”

आतून माझ्या नावाचा पुकारा झाला. मी काहीच न बोलता फोन ठेवला. माळ पहिल्याच बोलीत गेली. वजनाची नोंद मी केली, खाली सहीही माझीच.