पहिला हॅमॉक: ९ फुटी बाद!

हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना टांगायच्या कापडी झोळीत, झोपलं की पोटरीखाली जी कडक पट्टी टोचायची तिचा अखेर छडा लागला. मागच्या वेळी लिहिलं होतं तसं, उसना आणलेला ९ फुटी हॅमॉक गिरणाऱ्याच्या मळ्यात बांधावरच्या दोन आंब्यांना टांगून झोपत होते, आणि पहाटेपर्यंत गुडघे मागे ताणले जाऊन ठणकायला लागायचे. तिरकं झोपलं की पाठ सपाट येते हे खरंच. पण मी तिरकी झाले की कापडाच्या मधोमध एक ताठ पट्टी उभी राहायची, नेमकी पोटऱ्यांखाली. बोटाने दाबून पाहिली तर ढोलकीच्या पुडीसारखी टणक, आणि तिच्या बाजूचं कापड मात्र नुसतंच लोंबतंय.

आधी संशय कोनावर गेला. हॅमॉकचं टोक झाडाला बांधणारा पट्टा जमिनीशी ३० अंशांत हवा. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणायची, तर्जनी आडवी धरायची. दोन्ही बोटांची टोकं पट्ट्याला लागली की कोन जमला. ३० अंशांत प्रत्येक पट्ट्यावर साधारण आपल्या वजनाइतकाच ताण येतो. १५ अंशांवर आणलात तर ६० किलोच्या माणसासाठी तोच ताण ११६ किलोंच्या घरात जातो आणि कापड खांदे आवळतं. कोन नीट केल्यावर माझे खांदे मोकळे झाले. पट्टी जागच्या जागी.

मग रिजलाइन, म्हणजे हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून बांधायची दोरी. हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के या हिशेबाने ९ फुटीला, म्हणजे २७४ सें.मी.ला, २२८ सें.मी.ची दोरी बांधली. रिजलाइनचा खरा फायदा हा की झाडं जवळ असोत की लांब, झोळ दर वेळी तोच मिळतो. पायाकडचं टोकही वीतभर वर घेतलं. अंग पायाकडे घसरायचं थांबलं, पट्टी थोडी मऊ पडली. पण थोडीच.

शेवटी मैत्रिणीचा ११ फुटी हातात आला. झाडं तीच, कोन तोच, रिजलाइन २७८ सें.मी. डोकं डावीकडे, पाय उजवीकडे टाकले आणि पट्टी गायब! पहिल्यांदाच कुशीवर झोप लागली. कारण आता डोळ्यांसमोर आहे: टोकांकडे कापड चुण्या होऊन निमुळतं होत जातं. माझी उंची साडेपाच फूट. ९ फुटीत पाय त्या निमुळत्या, ताणलेल्या भागात पोचायचे. ११ फुटीत ते रुंद पोटातच राहतात. दुकानात ‘डबल’ म्हणून जे गळ्यात मारतात, त्यात वाढते ती रुंदी. लांबी तोकडी असेल तर त्या रुंदीचा उपयोग नाही. पहिलाच हॅमॉक घेत असाल तर रंग, खिसे, कॅराबिनर (अडकवायच्या कड्या) सगळं नंतर. आधी टेप लावा.

पट्ट्यांचं सोपं निघालं. हॅमॉकसोबतची बारीक दोरी आंब्याच्या सालीत रुतत होती. ट्रकचं सामान विकणाऱ्याकडून इंचभर रुंद पॉलिएस्टरचा पट्टा मीटरवर कापून आणला. नायलॉनचा घेऊ नका, रात्रीत ताणला जातो आणि बूड जमिनीला टेकतं. शेवग्याला कितीही सोयीचं अंतर असलं तरी हॅमॉक बांधू नका, लाकूड ठिसूळ असतं.

तर ११ फुटी सिंगल लेयर, म्हणजे एकाच थराचा, मागवायचा, असं ठरवून हे लिहायला बसले होते. पण थंडीचं काय? नाशिकचा पारा एक आकडी झाला की खालून गारठा चढतो. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगेत ऊब धरायला हवाच उरत नाही. अंडरक्विल्ट (हॅमॉकखाली बाहेरून टांगायची रजई) महाग, आणि फोमची मॅट सिंगल लेयरमध्ये रात्रभर निसटत राहते. डबल लेयर (दुकानातला रुंद ‘डबल’ नव्हे, दोन थरांचा) असेल तर मॅट दोन थरांमध्ये अडकून बसेल. वजन वाढेल, पण मळ्यापर्यंत मी गाडीनेच जाते. म्हणजे डबल लेयरच.

आणि लिहिता लिहिता वाटतंय, विकत तरी का घ्यावा? शिवण काय, चारही कडा दुमडायच्या आणि टोकांना दोरी जाईल एवढी नळी ठेवायची. आईचं मशीन घरात आहेच. आधी साध्या स्वस्त कापडाचा सिंगल लेयर शिवून गुडघाभर उंचीवर टांगून बघते, तो टिकला तर चांगलं रिपस्टॉप, म्हणजे सहज न फाटणारं चौकडी विणीचं कापड. डबल लेयर कुणी शिवला असेल तर एवढं सांगा: मॅट सरकवायला कडेची शिवण किती उघडी ठेवलीत, आणि डोक्याकडे की मधे?