मॉरीच्या काळ्या दगडात: रूसियोंमधल्या म्हाताऱ्या वेली आणि कारिन्यां वाइन

मी निफाडकडच्या द्राक्षबागेत वाढलो. वेल म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर मांडव येतो, तारा येतात, ठिबकच्या नळ्या येतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रान्समधल्या मॉरी गावाबाहेरच्या उतारावर पोचलो, तर तिथे यातलं काहीच नव्हतं. काळ्या, पापुद्रे सुटणाऱ्या दगडात गुडघ्याएवढ्या वेली, प्रत्येक आपापली स्वतंत्र. खोड मांडीएवढं, पिळवटलेलं, मधूनच पोकळ झालेलं आणि वर चार-पाच आखूड ओलांडे, म्हणजे जाड फांद्या. फ्रेंचमध्ये या वळणाला 'गोबले' म्हणतात, म्हणजे पेला. बागमालक म्हणाले, हा तुकडा पणजोबांनी लावला. आमच्याकडे पंधरा-वीस वर्षांत बाग काढायची वेळ येते. मी एका खोडापाशी बराच वेळ बसून राहिलो.

हा रूसियों भाग फ्रान्सच्या अगदी दक्षिण टोकाला, स्पेनच्या सीमेलगत. १६५९ च्या तहाने त्यातला बहुतेक प्रदेश फ्रान्सकडे आला, पण पर्पिन्यां शहरात रस्त्यांच्या पाट्या अजून फ्रेंच आणि कातालान अशा दोन्ही भाषांत दिसतात. पश्चिमेला २,७८४ मीटर उंचीचं कानिगू शिखर, पूर्वेला भूमध्य समुद्र. मॉरीचं खोरं आत, आग्ली नदीच्या बाजूला. उत्तरेला चुनखडीची पांढुरकी भिंत आणि पायथ्याशी हा काळा दगड.

वाऱ्याबद्दल आधीच सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. त्रामोंतान नावाचा वायव्येचा वारा सुटला की टोपी राहत नाही आणि मोटारीचं दार दोन हातांनी धरावं लागतं. पण बागाईतदाराला तो हवा असतो. इथल्या कारिन्यां या द्राक्षजातीवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, फार लवकर येते, आणि पानं कोरडी ठेवणारा वारा नसता तर फवारण्यांची संख्या कुठल्या कुठे गेली असती. भुरीचा विषय निघाला आणि आमच्यातलं भाषेचं अंतर अर्ध्याने कमी झालं.

कारिन्यां मूळची स्पेनमधल्या आरागोनची. भरपूर पिकते म्हणून विसाव्या शतकात दक्षिण फ्रान्सभर लावली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत देशात सगळ्यांत जास्त लागवड तिचीच होती. जोमदार वेलीचा भरघोस माल म्हणजे पातळ, आंबट, तुरट वाइन, त्यामुळे नाव खराब झालं. मग युरोपीय अनुदान घेऊन लोकांनी हेक्टरच्या हेक्टर बागा उपटल्या. ज्या उरल्या त्या बहुतेक चढावरच्या, दगडातल्या. याच आता मोलाच्या ठरल्या आहेत. म्हातारी वेल स्वतःच माल आवरते. हेक्टरी १५ ते २० हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर), म्हणजे एका वेलीला किलोभर द्राक्षंसुद्धा नाहीत. एकरी टनांचा हिशेब करणाऱ्या माझ्यासारख्याला हा आकडा ऐकून पोटात गोळा आला. तोडणी सगळी हाताने, कारण या वळणाच्या वेलीवर यंत्र चालत नाही. त्यात गेल्या काही वर्षांतल्या दुष्काळाने या जिल्ह्याचे फार हाल केले आहेत.

तळघरात आंबणाऱ्या रसाचा वास भरला होता. तुरटपणा मऊ करण्यासाठी इथे बरेच जण अख्खे घड बंद टाकीत कार्बन डायऑक्साइडखाली ठेवतात. आंबण्याची सुरुवात मण्याच्या आतच होते. पेल्यातली वाइन गडद, जांभळाची आठवण देणारी, मागे उतारावरच्या रोजमेरीचा कोरडा वास आणि शेवटी जिभेला पाणी सुटेल असा आंबटपणा. मला ती ग्रेनाश या इथल्या दुसऱ्या द्राक्षजातीच्या वाइनपेक्षा जास्त आवडली, आणि मॉरीची ओळख ग्रेनाशवर असली तरी मी हे म्हणेन.

बाटली घेताना लक्षात ठेवा: 'व्हिये व्हिन्य', म्हणजे जुन्या वेली, या शब्दांना फ्रान्समध्ये कायद्याची व्याख्या नाही. कुणीही छापू शकतो. म्हणून लागवडीचं साल विचारा. खऱ्या मालकाला ते तोंडपाठ असतं. दुसरं, निव्वळ कारिन्यां 'मॉरी' नावाखाली शोधू नका. त्या नावाची १९३६ पासूनची ओळख गोड वाइनची आहे. २०११ पासून कोरड्या लाल वाइनलाही ते मिळालं, पण तिच्यात ग्रेनाश मुख्य लागतो. कारिन्यां साधारणतः 'कोत कातालान' लेबलाखाली मिळते. मला चांगली बाटली १५ युरोंना मिळाली.

पॅरिसहून पर्पिन्यांला वेगवान रेल्वेने पाच तासांच्या आसपास लागतात, बार्सिलोनाहून दीड तासाच्या आत. तिथून मॉरी तीसेक किलोमीटर. बस आहे, पण फेऱ्या मोजक्या, आणि बागा गावापासून लांब. गाडी घेतलीत तर चालवणाऱ्याने घोट थुंकायचाच. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. रक्तातली मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. मी एका ठिकाणी दुपारी बाराला न कळवता गेलो आणि बंद दारासमोर दोन तास उन्हात काढले. बारा ते दोन जेवणाची वेळ, ती पाळतातच. दोन दिवस आधी फोन किंवा ईमेल करा, आणि तोडणीच्या दिवसांत, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, छोट्या उत्पादकांकडे वेळ मागू नका.

अर्धा दिवस हाताशी असेल तर केरिब्यूसचा किल्ला चढा. ७२८ मीटरवरून सगळं खोरं पायाखाली दिसतं. वारा जोराचा असेल त्या दिवशी मात्र नको. तोताव्हेलचं संग्रहालयही जवळच आहे. तिथल्या गुहेत १९७१ मध्ये सापडलेली माणसाची कवटी सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वीची आहे. जेवायला 'बोल्स द पिकोलात' मागा: दाट रश्श्यातले खिम्याचे गोळे, या वाइनबरोबर अगदी जमतात. खिम्यात डुकराचं मांस असतं, चालत नसेल तर आधी विचारा.

भारतात येताना माणशी दोन लिटर शुल्कमुक्त आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. तिसरीने मर्यादा ओलांडते. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवा. घरी आल्यावर आठवडाभर बाटली हलवू नका, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये राहू द्या.