आमची वाटचाल : कागद वाचणारे ड्रमर

वसई रोड स्थानकापासून रिक्षाने वीस मिनिटांवर असलेल्या एका बैठ्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही 2012 साली ड्रमचा वर्ग सुरू केला, तेव्हा प्रवासी जहाजांसाठी वादक तयार करण्याचा विचारही मनात नव्हता. मी स्वतः सात वर्षे क्रूझवर वाजवून परतलो होतो, मुलगी शाळेत जाऊ लागली होती आणि दर सहा महिन्यांनी बॅग भरण्याचा कंटाळा आला होता. साठवलेल्या पैशांतून एक जुना ड्रमसेट घेतला आणि भिंतींना कापसाच्या गाद्या लावल्या. गाद्यांमुळे आवाज घुमत नाही, पण थांबतही नाही, हे शेजाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात आमच्या लक्षात आणून दिले.

जहाजाचा विषय विद्यार्थ्यांनीच काढला. चर्चच्या गायनवृंदात, लग्नाच्या ब्रास बँडमध्ये किंवा गणपतीत ताशावर वाजवणारी ही मुले होती आणि त्यांचे हात माझ्यापेक्षाही वेगवान होते. त्यांपैकी तिघांनी 2014 मध्ये ऑडिशन दिली आणि तिघांनाही नकार आला. पाठ केलेली गाणी त्यांनी उत्तम वाजवली होती. पण नंतर समोर संगीतलिपीचा एक अनोळखी कागद ठेवला गेला, चार मात्रा मोजल्या गेल्या आणि तिसऱ्या ओळीपर्यंत तिघेही वाट चुकले. तो दोष त्यांचा नव्हता. मी जहाजावर जे रोज करत होतो तेच त्यांना शिकवायचे राहिले होते, कारण मला ते इतके अंगवळणी पडले होते की ते शिकवावे लागते हेच विसरलो होतो.

जहाजावर ड्रमरला साधारणपणे दोन प्रकारची कामे मिळतात. लाउंजमधल्या पार्टी बँडमध्ये पाऊण-पाऊण तासाचे चार-पाच सेट वाजवायचे असतात आणि तिथे गाण्यांचा साठा मोठा असला की बरेचसे निभावते. नाट्यगृहातल्या शो बँडचे काम वेगळे. पाहुणा गायक किंवा जादूगार एखाद्या बंदरावर जहाजात चढतो, त्याच्या फाइलमध्ये आठ-दहा चार्ट, म्हणजे संगीतलिपीत लिहिलेली गाणी, असतात, दुपारी एकदाच तालीम होते आणि त्याच रात्री दोन खेळ करायचे असतात. ड्रमच्या चार्टमध्ये सगळे लिहिलेले नसतेच. आठ बार (मात्रांचे आठ गट) नुसत्या तिरप्या रेघा असतात, वर बारीक अक्षरांत ट्रंपेटचे दोन ठोके दाखवलेले असतात, आणि त्या ठोक्यांआधी बँडला कसे उचलून धरायचे हे ड्रमरने वाचता वाचता ठरवायचे असते. मग कागदावर मागे असलेल्या खुणेच्या चिन्हापाशी परत जायचे आणि तिथून कोडाकडे, म्हणजे शेवटच्या तुकड्याकडे, उडी घ्यायची. आमची तिन्ही मुले नेमकी या उडीत पडली होती.

पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फेजिओ (स्वर वाचून गाणे) आणि स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य संगीतलिपी) शिकवले जाई. मुंबईच्या हॉटेलांतले जाझ बँड आणि पुढे हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गोव्याच्या वादकांनी भरले, त्यात या वाचनाचा वाटा मोठा होता. वसईतही ब्रास बँडमुळे ही विद्या थोडीफार टिकून होती, पण ती म्हाताऱ्या हातांत. अशाच एका निवृत्त क्लॅरिनेटवादकांना मी गळ घातली. त्यांनी अट घातली की पहिला महिनाभर कोणीही काठ्या हातात घ्यायच्या नाहीत. कागद पाहून तोंडाने म्हणायचे आणि मांडीवर हात आपटायचा. दोन विद्यार्थ्यांनी वर्ग सोडला, एकाच्या वडिलांनी फी परत मागितली आणि आम्ही ती दिली. उरलेल्या चौघांपैकी दोघे 2016 मध्ये निवडले गेले. तेव्हापासून त्या अटीला आम्ही धक्का लावलेला नाही.

अभ्यासक्रमाचा दुसरा भाग मी बांधला. जहाजावरच्या बॉलरूममध्ये नाचणारी साठी-सत्तरीची जोडपी आयुष्यभर नाच शिकलेली असतात आणि लय जरा सरकली तरी ती थेट बँडकडे पाहतात. संथ वॉल्ट्झ मिनिटाला 84 ते 90 मात्रा, चा-चा-चा 120 ते 128, व्हिएनीज वॉल्ट्झ 180च्या आसपास, हे आकडे आमच्या मुलांना पाढ्यांसारखे येतात आणि मेट्रोनोम (लय मोजणारे यंत्र) न लावता ती लय धरून दाखवावी लागते. त्याच्या उलट, मोठ्या शोमध्ये कानात लय मोजणारी क्लिक वाजत असते, आधीच ध्वनिमुद्रित केलेले व्हायोलिन त्या क्लिकवर चालते, आणि ड्रमर पुढे गेला तर सगळा बँड त्या व्हायोलिनपासून तुटतो.

सर्वांत अवघड मात्र हळू वाजवणे ठरले. ताशाची तर्री, म्हणजे सलग जलद ठोके, घुमवलेल्या हाताला मोकळ्या रस्त्याची सवय असते. जेवणाच्या वेळी काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशने बोसानोव्हा हा ब्राझीलचा मृदू ताल वाजवताना शेजारच्या टेबलावरचे बोलणे ऐकू आले पाहिजे, हे त्या हाताला पटवायला महिने लागतात. यासाठी आम्ही एक साधा उपाय काढला : एकाने वाजवायचे, दुसऱ्याने शेजारी बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचायचे, आणि एकही शब्द बुडाला तर पुन्हा पहिल्यापासून.

कागदपत्रांचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो शिकवण्याचा नाही. ड्रमर असला तरी तो जहाजाचा कर्मचारी असतो. त्याला एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे सुरक्षा प्रशिक्षण, वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी (खलाशाची नोंदवही) आणि बहुधा अमेरिकेचा जहाज कर्मचाऱ्यांसाठीचा सी-वन-डी व्हिसा लागतो. पैशांच्या बाबतीत मात्र आम्ही पालकांना समोर बसवून बोलतो. 2006च्या सागरी कामगार करारानुसार भरतीसाठी उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट आणि सीडीसी यांचा खर्च त्याच्यावर पडू शकतो, व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा असतो. तरीही आमच्या एका विद्यार्थ्याने एका दलालाला दीड लाख रुपये दिले, आणि ते परत आले नाहीत. दुसऱ्या एका दलालाने प्रत्येक विद्यार्थ्यामागे मला कमिशन देऊ केले होते. आम्ही शिकवतो, नोकरी लावून देत नाही, हे तेव्हापासून फीच्या पावतीवरच छापलेले आहे. एजंटाचा आरपीएसएल, म्हणजे जहाजांवर भरती करण्याचा सरकारी परवाना, नौवहन महासंचालनालयाच्या यादीत स्वतः तपासा, एवढे सांगण्यापुरताच आमचा त्या व्यवहाराशी संबंध.

मार्च 2020 मध्ये जगभरातली क्रूझ जहाजे थांबली. आमचे चार विद्यार्थी तेव्हा समुद्रावर होते आणि त्यांतले दोघे कित्येक आठवडे केबिनमध्ये अडकून होते. वर्ग बंद झाला, भाडे थकले, आणि एक ड्रमसेट विकावा लागला. ऑनलाइन एकत्र वाजवणे शक्यच नव्हते, कारण आवाज उशिरा पोहोचतो. वाचन शिकवायला मात्र एकत्र वाजवावे लागत नव्हते. मी सकाळी सहाला एक चार्ट पाठवायचो, मुलांनी तो उघडून दहा मिनिटांत पहिल्याच प्रयत्नाचे ध्वनिमुद्रण पाठवायचे, चूक झाली तरी तेच. अडकलेल्या दोघांपैकी एकाने उशीवर वाजवून ध्वनिमुद्रणे पाठवली. ऐकायला हसू येई, पण लय स्वच्छ होती. खोली पुन्हा उघडली तरी सकाळचा चार्ट चालू राहिला, आणि त्यामुळे पूर्वी दहा महिने घेणारे वाचन आता सातच महिन्यांत जमू लागले आहे.

2021च्या सप्टेंबरमध्ये कॉर्डिलिया या क्रूझ कंपनीचे एम्प्रेस जहाज मुंबईहून फिरू लागले, तेव्हा घराजवळच्या जहाजावर काम मिळेल का, असे विचारणारे पालक प्रथमच आले, आणि त्यांत मुलींचे पालकही होते. आज एका तुकडीत सहाच जागा आहेत, कारण खोलीत दोन ड्रमसेट मावतात आणि मला एका वेळी तिघांचेच हात नीट पाहता येतात. क्लॅरिनेटवाले सर आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि शनिवारीच येतात. पहिल्या महिन्याच्या तुकडीला ते अजूनही स्वतःच बसवतात, आणि काठ्यांची पेटी कपाटात ठेवून किल्ली खिशात घालतात.