कनू नोंद ९ : अकरा किलोमीटर, बाजू न बदलता

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की पुढच्या फेरीत मागच्या सीटवरून, बाजू न बदलता, सलग तासभर कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची ही अरुंद नाव, सरळ न्यायची. ते जमलं. तासभरच नाही, एक वळण सोडलं तर जवळजवळ पूर्ण फेरी. त्यामुळे आजची नोंद जरा लांबणार.

आधी फेरीचा तपशील. अंतर ११ किलोमीटरच्या किंचित वर, पाण्यावर तीन तास चाळीस मिनिटं, त्यात एक ऐसपैस थांबा. नाव सोळा फुटी, पुढे ताई, मागे मी. नदी संथ, पाण्याला रमतगमत चालण्याइतकी ओढ, मध्ये दोन उथळ खळाळ. एक गाडी आदल्या संध्याकाळीच उतरायच्या जागी लावून ठेवली होती आणि तिथे काठाशी वाकून, नावेतून दिसेल त्या उंचीवरून घाट बघून घेतला होता. रस्त्यावरून ओळखीची वाटणारी जागा पाण्यावरून साफ वेगळी दिसते. नवीन मंडळींनी हे जरूर करा.

आता जे-स्ट्रोक, म्हणजे फटक्याच्या शेवटी वल्हं बाहेर लोटून, बाजू न बदलता नाव सरळ ठेवायची पद्धत. दोघं विरुद्ध बाजूंनी वल्हवत असले तरी मागच्याचं वल्हं नावेच्या मध्यापासून जास्त लांब पडतं. त्याचा फटका भारी ठरतो आणि नाव त्याच्या बाजूपासून दूर वळत राहते. मी डावीकडून मारलं की पुढचं टोक उजवीकडे. आजवर मी दर पाच-सहा फटक्यांनी ‘बदल’ म्हणायचो, दोघं बाजू बदलायचो आणि नाव नागमोडी चालायची.

चूक अंगठ्याची होती. फटका संपताना मी वरच्या हाताचा अंगठा आभाळाकडे फिरवत होतो. त्याने पात्याची पाठ पाण्यावर दाबली जाते. नाव वळते, पण वेगही खाते. अंगठा खाली, पाण्याकडे फिरवायला हवा. मग पात्याच्या ज्या अंगाने पाणी मागे ओढलं तेच अंग बाहेर तोंड करतं, आणि ते वल्हं बाहेर हलकेच लोटायचं, फार तर वीतभर. खालचा हात सैल. मी तो घट्ट आवळून धरायचो म्हणून मनगट दुखायचं.

जमतंय हे आधी कानाला कळलं. जुन्या पद्धतीत प्रत्येक फटक्याच्या शेवटी खळ्‌कन आवाज यायचा आणि मागे फेस राहायचा. आज पाऊण तासानंतर तो आवाज बंद झाला. वळून पाहिलं तर पातं उचलल्या जागी नाण्याएवढे दोन भोवरे, एकमेकांच्या उलट फिरत, हळूहळू मागे पडत होते. त्यांच्या मागे आणखी दोन, त्यांच्या मागे आणखी दोन. सगळ्या जोड्या एका रेषेत. ती रेष बघून काय वाटलं ते लिहिता येत नाही. ताईने न वळताच विचारलं, ‘काय रे, वल्हवतोयस ना? काहीच आवाज नाही.’

ऑलिंपिकमध्ये १९३६पासून असलेल्या स्प्रिंट शर्यतींतले कनूवाले एका गुडघ्यावर बसून, सुकाणू नसलेली नाव, एकाच बाजूने वल्हवत शेवटपर्यंत सरळ नेतात. ते करतात काय, हे आज पहिल्यांदा हाताला कळलं.

साडेनऊच्या सुमारास समोरून वारा आला आणि नाव पुन्हा भरकटायला लागली. आधी वाटलं माझाच हात बिघडला. तसं नव्हतं. ताई माझ्यापेक्षा हलकी, म्हणून पुढचं टोक पाण्यावर उचललेलं होतं आणि वारा तेच ढकलत होता. सामानाची ड्राय बॅग आणि पाण्याचा कॅन माझ्या पायाशी होता तो तिच्यामागे सरकवला, मी सीट सोडून गुडघ्यांवर, थोडा पुढे बसलो. दोन मिनिटांत फरक. वारा समोरून असेल तर वजन पुढे, एरवी किंचित मागे, हे वहीत आता ठळक लिहिलंय.

गुडघ्यांवर बसलं की वजन खाली जातं आणि नाव किती शांत होते! नेदरलँड्समध्ये १९५५ साली रस्त्याच्या कामात सापडलेली पेसची कनू आठवली. पाइनच्या एका ओंडक्यातून कोरलेली, वय सुमारे दहा हजार वर्षं, लांबी तीन मीटरच्या आसपास आणि रुंदी अवघी ४४ सेंटिमीटर. एवढ्याशा रुंदीत तोल सांभाळणारा माणूस कसा बसत असेल, हा विचार मी थांब्यावर बराच वेळ करत होतो. शेजारच्या खडकावर खंड्या बसला होता. त्याने तीनदा सूर मारला, एकदा मासा.

वळणाचं नीट सांगतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी खोल आणि वेगवान, आतल्या अंगाला उथळ आणि सुस्त. धार आपल्याला बाहेर ओढते, आणि नेमकी बाहेरच्या काठाची झाडं पाण्यात पडलेली असतात. इथेही एक आडवं होतं. फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. ताईला शंभरेक मीटर आधी दिसलं. पुढे जोर लावून वळवण्याऐवजी नावेचं मागचं टोक आतल्या काठाकडे तिरकं केलं आणि दोघांनी उलटं वल्हवलं. वेग जवळपास थांबला आणि नाव तिरकी सरकत आतल्या अंगाला आली. ताई मोजत होती, ‘मागे, मागे, अजून एक.’ झाड वीसेक फुटांवरून गेलं. लाईफ जॅकेटचे पट्टे मी त्याआधी एकदा चाचपले होते, खोटं कशाला सांगू.

शेवटच्या खळाळात मात्र माझा अंदाज चुकला. पाण्यावरची गुळगुळीत जीभ, जिचं टोक प्रवाहाच्या दिशेला असतं, ती वाट मोकळी. टोक आपल्याकडे असेल तर खाली दगड. मला फरक दिसला, पण उशिरा, आणि नाव आडवी होऊन दगडाला टेकली. अंग आपोआप दगडापासून लांब झुकतं. ते केलं तर वरून येणारं पाणी काठावरून आत शिरतं. ताई ओरडली, ‘दगडाकडे झुक!’ झुकलो, नाव घसरून सुटली. थेंबभर पाणी आलं नाही.

पुढच्या फेरीत हेच सगळं उजव्या बाजूने. आज परतताना रिकाम्या डोहात दहा मिनिटं करून पाहिलं. अंगठा पुन्हा वर जातोय.